हवा मारण्याआधी हवा मोजा: नोझल आणि गेज घेताना, वापरताना

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रोडला आमचं टायरचं छोटं दुकान आहे. पंक्चर काढणं, टायर बदलणं, हवा मारणं एवढंच काम. दिवसभरात सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "दादा, जरा हवा बघा की." आणि म्हणणारा स्वतः आधीच बघून आलेला असतो, टायरला बुटाचं टोक मारून नाहीतर अंगठ्यानं दाबून. जुन्या सायकलच्या चाकाला ते चालून जायचं. मोटारीच्या टायरला चालत नाही. हवेचा दाब २४ पॉइंट, म्हणजे पीएसआय, असलेला आणि ३२ असलेला टायर शेजारी ठेवून अंगठ्यानं दाबायला सांगितलं तर मलासुद्धा फरक सांगता येणार नाही, आणि माझा सगळा दिवस टायरात जातो. रेडियल टायरची बाजू भरलेल्या हवेतही थोडी फुगलेलीच दिसते, त्यामुळं नजरही फसते.

पहिली गाडी घेतलेली, घरी छोटा कॉम्प्रेसर आणलेली आणि नवीन पंक्चरचं दुकान टाकणारी मंडळी नेहमी विचारतात, नोझल कुठलं घेऊ? मी त्यांना आधी गेज घ्यायला सांगतो. हवा भरणं आणि हवा मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. भरायला पेट्रोल पंप आहे, कोपऱ्यावरचं दुकान आहे. मोजायचं साधन मात्र तुमच्या स्वतःच्या खिशात पाहिजे.

आधी व्हॉल्व्ह ओळखा

नोझल म्हणजे पाइपाच्या टोकाला असलेलं, व्हॉल्व्हवर बसणारं पितळी तोंड. ते व्हॉल्व्हप्रमाणे घ्यावं लागतं, म्हणून सुरुवात व्हॉल्व्हपासून.

मोटारसायकल, स्कूटर, कार, ट्रॅक्टर, ट्रक आणि बऱ्याचशा गिअरच्या सायकली या सगळ्यांना एकाच जातीचा व्हॉल्व्ह असतो. त्याला श्रेडर म्हणतात. अमेरिकेत १८९३ साली त्याचं पेटंट झालं आणि त्याचा ढाचा आजही तोच आहे. टोपण काढलं की आत मधोमध एक बारीक काडी दिसते. ती दाबली की हवा सुटते. काडीसकट आतला सगळा भाग पेचानं बसवलेला असतो, आम्ही त्याला पिन म्हणतो. पिन घट्ट करायची चावी दहा-वीस रुपयांत मिळते. काही धातूच्या टोपणांच्या डोक्यालाच ती चावी असते.

साध्या काळ्या सायकलींचा व्हॉल्व्ह वेगळा. त्यात रबराची बारीक नळी, म्हणजे वॉलट्यूब, हवा अडवते. त्यावर नेहमीचा गेज लावून आतला दाब कळत नाही, कारण दाबायला काडीच नसते. तिथं अजूनही अंगठाच. रेसिंगच्या सायकलींना तिसरा प्रकार येतो, प्रेस्टा. तो पेन्सिलीसारखा बारीक असतो. टोकावरची चिमुकली चक्री आधी सैल करायची, बोटानं एकदा टिचकी मारून हवा सुटते का बघायची आणि मगच पंप लावायचा. प्रेस्टावर श्रेडरचं नोझल बसवायला पितळी जोड मिळतो. रंकाळा तलावावर पहाटे सायकली घेऊन येणाऱ्या पोरांनी तो एक सीटखालच्या पिशवीत ठेवावा.

नोझलचं तोंड

दाबून धरायचं नोझल सगळ्यात जुनं आणि सगळ्यात टिकाऊ. हातानं व्हॉल्व्हवर दाबायचं, हवा जाते. सोडलं की थांबते. गिऱ्हाइकांची रांग असेल तर याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. तोटा एवढाच की एक हात तिथं अडकतो.

चिमट्याचं नोझल व्हॉल्व्हच्या आट्यांना धरून बसतं. मागची पट्टी दाबायची, व्हॉल्व्हवर पूर्ण आत सरकवायचं, पट्टी सोडायची. दोन्ही हात मोकळे राहतात. घरी वापरायचं असेल तर मी हेच सुचवतो. घेताना दुकानातच एकदा व्हॉल्व्हवर चढवून बघा. ओढल्यावर निसटत असेल तर चिमट्याचे दात बोथट आहेत, दुसरं मागा.

पेचाचं नोझल आट्यांवर फिरवून बसवायचं असतं. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या पंपांना बहुधा हेच असतं. पकड उत्तम. पण काढताना शेवटचे दोन-तीन आटे सुटेपर्यंत काडी दाबलेलीच राहते आणि हवा फुसफुसत जाते. म्हणून पंपावर ३३ दिसलं म्हणून टायरमध्ये ३३ राहिलं असं समजू नका. नोझल काढल्यावर वेगळ्या गेजनं परत बघा. आणखी एक, पंप पाच-सात मिनिटं चालला की हे पितळी टोक चांगलंच तापतं. फडक्यानं धरा.

ट्रकवाल्यांचं दोन तोंडांचं नोझल लांब दांड्याचं असतं. एक तोंड पुढं आणि दुसरं उलट, मागं बघणारं. मागच्या जोडचाकात आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह आपल्याकडं तोंड करून असतो आणि बाहेरच्याचा आतल्या बाजूला, म्हणून एकाला ढकलायचं, एकाला ओढायचं. कारवाल्यानं हे घ्यायचं कारण नाही.

स्कूटरसाठी मात्र तोंडाचा कोन बघा. दहा इंची चाकात ब्रेकचा ड्रम आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये चार बोटंही जात नाहीत. सरळ नोझल तिथं तिरकं बसतं आणि भरतो त्यापेक्षा जास्त हवा बाहेर जाते. काटकोनात वाकलेलं आखूड तोंड घ्या, नाहीतर व्हॉल्व्हवर चढवायचा वाकडा जोड घ्या. पुढच्या वेळी टायर बदलताना वाकडा व्हॉल्व्हच बसवून घेतला तर कायमची कटकट मिटते.

उघडं की बंद?

नवीन माणूस इथं हमखास चुकतो. बाहेरून दोन नोझल अगदी सारखी दिसतात, पण एक उघडं असतं आणि एक बंद.

बंद नोझलच्या आत स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा छोटा व्हॉल्व्ह असतो. टायरवर दाबेपर्यंत त्यातून हवा येत नाही. ज्या पाइपात कायम दाब असतो, म्हणजे टाकीवाल्या कॉम्प्रेसरचा पाइप, त्याच्या टोकाला थेट हेच लावायचं. तिथं उघडं लावलंत तर टाकीतली सगळी हवा सुसाट बाहेर येईल.

उघड्या नोझलमध्ये अडवायला काहीच नसतं, हवा सरळ आरपार. हे लावायचं बिनटाकीच्या छोट्या पंपाला, पायपंपाला आणि ट्रिगरच्या गनला. गनमध्ये हवा अडवायचं काम ट्रिगर करतो, तिथं दुसऱ्या दाराची गरज नाही. गनला बंद नोझल लावलं तर हवेला आणखी एक स्प्रिंग ओलांडावी लागते, भरणं मंदावतं. शिवाय टायरवरून काढल्यावरही थोडी हवा मध्येच कोंडून राहते आणि गनवरच्या गेजचा काटा शून्यावर येत नाही. बिनटाकीच्या पंपाला बंद नोझल लावून तो नुसता चालू ठेवला तर हवेला बाहेर जायला वाटच उरत नाही, पंपावर ताण येतो.

ओळखायचं कसं? मागच्या भोकातून तोंडानं फुंकर मारा. हवा पुढून आली तर उघडं, अडली तर बंद. दुकानदाराला विचारत बसण्यापेक्षा ही फुंकर खात्रीची.

आटे जुळतात का बघा

आपल्याकडं पाइप-फिटिंगला बहुतेक ठिकाणी बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचे, आटे चालतात, हवेच्या कामाला पाव इंची. ऑनलाइन मागवलेली अमेरिकन धाटणीची नोझल एनपीटी आट्यांची निघू शकतात. पाव इंची बीएसपीला एका इंचात १९ आटे आणि ५५ अंशांचा कोन, एनपीटीला १८ आटे आणि ६० अंशांचा. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन-तीन फेरे छान जातात, मग जड लागतं. माणूस पान्यानं जोर लावतो, आटे मरतात आणि जोड कायमचा गळायला लागतो. दोन-तीन फेऱ्यांतच अडलं तर थांबा. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागात, न्यूमॅटिकच्या (हवेच्या फिटिंगच्या) दुकानात तो तुकडा नुसता दाखवला तरी जुळणारा जोड काढून देतात. आपलं गाव ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीवर वाढलं, आट्यांची भाषा तिथल्या पोराटोरांना येते.

टेफलॉन टेप आटे घट्ट व्हायच्या दिशेनंच गुंडाळा, तीन-चार वेढे. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा चुरा नोझलच्या आत जाऊन बसतो.

गेज कुठला घ्यायचा

पेनसारखा गेज स्वस्त आणि खिशात मावणारा. व्हॉल्व्हवर दाबला की मागून पांढरी पट्टी बाहेर येते, आकडा कडेवर वाचायचा. त्यातला दट्ट्या धूळ शिरली की अडखळतो, म्हणून तीन वेळा मोजून तीन वेगळे आकडे आले तर तो फेकायचा.

काट्याच्या गेजच्या पोटात पितळेची वाकवलेली चपटी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते आणि दातऱ्यांमधून काटा फिरवते. बोर्डन नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली ही युक्ती काढली. बॅटरी लागत नाही, वर्षानुवर्षं चालतो, पण खाली पडलेला सहन होत नाही. रबरी कवच असलेलाच घ्या. डिजिटल गेज अंधारात वाचता येतो आणि अर्धा पॉइंटही दाखवतो. मात्र सुरू केल्यावर शून्य दिसेपर्यंत थांबा आणि मगच व्हॉल्व्हवर लावा. उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका.

आता खरी गोष्ट, मोजपट्टी किती मोठी घ्यायची. "मोठा गेज घेतो, म्हणजे ट्रॅक्टरलाही चालेल आणि बुलेटलाही" असं बरेच जण म्हणतात. तिथंच फसायला होतं. गेजची चूक त्याच्या पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत सांगतात. काही गेजवर ३-२-३ असं छापलेलं असतं. म्हणजे मोजपट्टीच्या मधल्या अर्ध्या भागात २ टक्के आणि दोन्ही टोकांकडच्या भागात ३ टक्के इथवर चूक चालते. आता हिशेब करा. १६० च्या गेजवर ३२ हा आकडा खालच्या टोकाकडं पडतो, तिथं ३ टक्के म्हणजे जवळजवळ ५ पॉइंट इकडं-तिकडं. ६० च्या गेजवर तोच ३२ जवळजवळ मध्यावर येतो, तिथं २ टक्के म्हणजे १.२ पॉइंट. एकाच टायरला एक गेज पाचनं चुकू शकतो आणि दुसरा सव्वानं. म्हणून दुचाकी आणि कारला ६० चा घ्या, ट्रकला १६० चा वेगळा. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला शेतात विशीच्या आतलीच हवा लागते, त्याला ३० चा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

गेजला हवा सोडायचं छोटं बटण असेल तर दोन पैसे जास्त द्या. जास्त झालेली हवा मोजता मोजता थेंबाथेंबानं कमी करता येते.

आकड्यांच्या भाषेचा घोळ होऊ देऊ नका. कुणी पॉइंट म्हणतं, जुने ड्रायव्हर पौंड म्हणतात, दोन्हीचा अर्थ पीएसआय. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. पुस्तिकेत २.२ बार किंवा २२० किलोपास्कल लिहिलं असेल तर ते आपलं ३२.

माझ्या गेजनं मला काय शिकवलं

दुकानातल्या गनचा गेज एकदा स्टुलावरून फरशीवर पडला. काच शाबूत, काटा शून्यावर. मी तसाच वापरत राहिलो. आठवडाभरानं नेहमीचे एक काका आले. शाळेची मुलं सोडणारी व्हॅन चालवतात, शांत माणूस. म्हणाले, "दादा, परवा हवा मारून नेल्यापासून गाडी खड्ड्यात लई उडतीया. तुम्ही ३२ म्हणाला होता. पोरानं मोजली, ३७ भरली." मी त्यांच्याच टायरवर माझा गेज लावला, ३१ दाखवला. त्यांच्या मुलाचा गेज लावला, ३६. उद्यमनगरातून नवीन आणून लावला, तोही ३६.

गेज उघडून बघितल्यावर कळलं. शून्यापाशी एक बारीक खिळा असतो, काटा त्याला टेकून थांबतो. पडल्यामुळं काटा पाच घरं मागं सरकला होता, पण खिळ्यानं अडवल्यामुळं दिसायला शून्यावरच होता. त्या आठवड्यात माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक गाडीत पाच पॉइंट हवा जास्त होती. त्यात मुलांची व्हॅन होती, ही गोष्ट मला आजही टोचते. ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून बोलावून घेतलं.

तेव्हापासून एक चांगला गेज मी फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. रोजच्या कामाला तो काढत नाही. दर सोमवारी एका टायरवर आधी तो आणि मग कामाचा गेज लावतो. तुम्हीही घरचा गेज वर्षातून दोन-तीनदा ओळखीच्या दोन गेजशी ताडून बघा. मोजताना हवा जाईल ही भीती नको. कारच्या टायरमधला एक पॉइंट म्हणजे बाहेरची जवळजवळ दोन लिटर हवा, एका फस्समध्ये तेवढी जात नाही. सायकलच्या ट्यूबचं तसं नाही, तिथं दोनदा मोजलं तरी फरक पडतो.

प्रत्यक्ष हवा भरताना

१. आकडा शोधा. कारमध्ये ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो, काहींच्या पेट्रोलच्या झाकणामागं. दुचाकीचा चेनकव्हरजवळ किंवा पुस्तिकेत. पुढचा आणि मागचा आकडा वेगळा असू शकतो, डबलसीटचा आणखी वेगळा. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा कोरलेला असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी भरायची नसते.

२. टायर थंड असताना मोजा. गाडी तीन तास उभी असेल किंवा दोन किलोमीटरच्या आत चालली असेल तर थंड समजा. पुण्याहून हायवेनं आलेल्या गाडीत ४-५ पॉइंट वाढलेले दिसतात. ते उष्णतेचे आहेत, काढू नका. सकाळी हीच गाडी कमी भरेल. गरम टायरमध्ये भरायचीच वेळ आली तर ठरलेल्या आकड्यापेक्षा ४ जास्त ठेवा आणि दुसऱ्या दिवशी थंडपणी परत बघा.

३. टोपण काढा आणि खिशात टाका, जमिनीवर ठेवू नका. व्हॉल्व्हचं तोंड फडक्यानं पुसा. उसाच्या दिवसांत आमच्या रोडवर चिखल, मळी आणि पाचटाचा भुसा सगळ्या व्हॉल्व्हवर बसलेला असतो. तसंच नोझल दाबलं तर ती घाण हवेबरोबर पिनमध्ये जाते आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू गळतो.

४. भरण्याआधी मोजा. हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती इथंच मिळते. तीन टायर ३० आणि एक २४ असेल तर त्या एकात बहुधा बारीक पंक्चर आहे. सगळीकडं सरळ हवा मारून टाकली तर तो पुरावाच पुसला जातो. पेट्रोल पंपावरही आधी विचारा, "दादा, आधी किती आहे सांगा, मग मारा." पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच कसला!

५. नोझल सरळ रेषेत बसवा. डाव्या हाताची दोन बोटं व्हॉल्व्हच्या मुळाशी मागून टेकवा, उजव्या हातानं नोझल एका झटक्यात पूर्ण दाबा. पहिल्या क्षणी छोटा 'फस्' येतो आणि आवाज बंद होतो, म्हणजे बसलं. फुसफुस चालूच राहिली तर नोझल तिरकं आहे किंवा आतलं रबर झिजलंय. आवाजच नाही आणि काटाही हलत नाही, म्हणजे काडी दाबलीच गेलेली नाही, आणखी आत ढकला. ट्यूबवाल्या दुचाकीत व्हॉल्व्ह बोटांनी धरलाच पाहिजे, नाहीतर तो रिमच्या आत पळतो. तिथला व्हॉल्व्ह आधीच तिरका दिसला तर हवा कमी असताना गाडी चालवून टायर-ट्यूब रिमवर सरकलीय. तशीच पळवली तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, आधी चाक खोलून घ्या.

६. थांबत थांबत भरा. ट्रिगर दाबलेला असताना गनच्या गेजवर दिसतो तो पाइपातला दाब. ट्रिगर सोडल्यावर काटा खाली येऊन स्थिरावतो, तो टायरचा. कारला पाच-सहा सेकंद भरा, सोडा, वाचा. स्कूटरला दोन सेकंद पुरे. लहान मुलांच्या सायकलला कॉम्प्रेसर लावायची वेळ आली तर नुसता टेकवा आणि काढा, ती ट्यूब एक-दोन म्हणेपर्यंत फुटते. भिंतीवरच्या डिजिटल पेटीवर आकडा लावून नोझल जोडलं की ती स्वतः भरते, थांबून मोजते आणि टिटिट करते. सोय चांगली आहे, पण तिच्याही नोझलचं रबर झिजतंच.

७. एक-दोन पॉइंट जास्त भरा, नोझल काढा, आपल्या गेजनं मोजा आणि जास्तीची सोडून आकड्यावर आणा.

८. बोट ओलं करून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा पडदा धरा. बुडबुडा फुगला तर पिन सैल आहे, चावीनं अर्धा फेरा आवळा. तरीही फुगत असेल तर पिन बदला. मग टोपण घट्ट लावा. धूळ-पाणी बाहेर ठेवायचं काम टोपणाचं, ते हरवलं तर दुसरं मागून घ्या. ज्या गाड्यांत हवा दाखवणारे सेन्सर आहेत त्यांचे व्हॉल्व्ह बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना पितळी टोपण लावलं तर गंजून चिकटतं. प्लास्टिकचंच बरं.

स्टेपनी विसरू नका. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीवर ६० चा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे साध्या टायरच्या दुप्पट. वर्षभर डिकीत पडलेली स्टेपनी मोजली तर बहुतेकांना धक्का बसतो.

ट्रक, ट्रॉली आणि पाण्याचे टायर

ट्रकच्या टायरमध्ये शंभरीच्या आसपासची हवा असते आणि जुन्या पद्धतीच्या रिमला टायर जागेवर धरणारी लोखंडी लॉक रिंग. ती नीट बसली नसेल आणि दाब वाढला तर रिंग उडते, आणि समोर कोण आहे ते बघत नाही. टायरच्या बाजूसमोर कधीही उभं राहायचं नाही. चिमट्याचं नोझल, लांब पाइप आणि गन लांब धरून, नक्षीच्या बाजूला उभं राहून भरायचं. जमेल तिथं टायर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवूनच. आणि ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर पळालेला ट्रकचा टायर तसाच परत फुगवायचा नाही. आधी खोलून आतून बघायचा, कारण बाजूच्या तारा तुटलेल्या असू शकतात. नवीन दुकानदारांनो, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे, "भावा, कारखान्यावर नंबर लागलाय" म्हणू दे, हे सोडू नका. ट्यूबलेस कारच्या टायरची कड रिमवर बसवतानाही ४० च्या वर जाऊ नका. बसत नसेल तर हवा काढा, साबणपाणी लावा, परत सुरू करा.

ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात वजनासाठी पाणी भरलेलं असतं, साधारण पाऊण टायर. त्याची हवा मोजताना चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आणा. व्हॉल्व्ह खाली असताना गेज लावला तर गेजमध्ये पाणी शिरतं, आणि बोर्डनच्या नळीत एकदा गढूळ पाणी गेलं की तो गेज गेला. या कामाला एक वेगळा, स्वस्तातला गेज ठेवावा, त्यावर पांढऱ्या रंगानं खूण करावी.

आपल्या हवामानाचा आणि घाटाचा फरक

साधारण ६ अंश तापमानाला एक पॉइंट धरा. एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी बरोबर भरलेला टायर डिसेंबरातल्या १४ अंशांच्या सकाळी ४ पॉइंट कमी दाखवतो, पंक्चर नसताना. म्हणून ऋतू बदलला की मोजायचंच. एरवी महिन्यातून एकदा, आणि लांब निघताना.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक मोजतो. गगनबावड्यावरून करूळ घाटानं खाली मालवणला गेलात की बाहेरची हवा जड होते आणि तापमान तेच असेल तर तोच टायर जवळजवळ एक पॉइंट कमी दाखवतो. किनाऱ्यावर मोजून ३२ चे ३१ दिसले तर काळजी नको. घाट उतरताना महत्त्व आहे ते निघताना चारही टायर मोजलेले असण्याला, विशेषतः पावसात.

नायट्रोजनबद्दल रोज विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पैसे देऊन भरला तर वाईट काही नाही, पण तो भरला म्हणून मोजणं सुटत नाही.

देखभाल

नोझलच्या आतला रबरी वॉशर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी जाणारा भाग. तोंडाची चकती फिरवली की निघतो. त्यावर व्हॉल्व्हचा गोल ठसा खोल उमटला असेल किंवा रबर कडक होऊन चिरलं असेल तर नवा घाला. बरीचशी "फुसफुसणारी" नोझल टाकून दिली जातात ती नुसत्या या वॉशरपायी. पाइप गाडीच्या चाकाखाली येऊ देऊ नका, आणि हवेच्या पाइपानं अंगावरची धूळ उडवू नका. डोळ्यात कण जातो, कानाला इजा होते.

कॉम्प्रेसर असेल तर टाकीतलं पाणी रोज काढा. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साठते. ते नाही काढलं तर टाकी आतून गंजते, आणि तेच तांबूस पाणी नोझलमधून गेजमध्ये, टायरमध्ये, सेन्सरवर जातं. मी रात्री शटर ओढायच्या आधी टाकीखालचा कॉक उघडतो. उन्हाळ्यात नुसता ओलसर फवारा येतो. आषाढात, गगनबावड्याकडून पावसाची झड चालू असते तेव्हा, पेलाभर पाणी निघतं. सगळी हवा जाईपर्यंत कॉक उघडाच ठेवतो, गन खुंटीला टांगतो आणि फडक्यातला गेज ड्रॉवरमध्ये आहे ना ते एकदा बघतो.